पौषातला बुधवार : भोसरीतल्या एका कारखान्याच्या पार्टीचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे प्रेस पार्ट आणि वेल्डिंग असेंब्ली बनवणारा हा कारखाना आहे. माणसं तीनशेच्या आसपास: कायम कामगार १२०, कंत्राटी ११०, ट्रेनी ४० आणि ऑफिसचे ३०. मी या कंपनीच्या एच.आर. विभागाला बाहेरून सल्ला देतो. कंपनीचं नाव इथे देत नाही आणि पैशांचे आकडे गोल केले आहेत, बाकी प्रकरण जसं घडलं तसं मांडतो. कर्मचाऱ्यांच्या पार्टीवर बोलणं निघालं की लोक थीम, अँकर, डीजे, गेम्स यांच्याबद्दल बोलतात. या कारखान्याची एक पार्टी पडली आणि दुसरी जमली. दोन्ही जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालं की कोणाकोणाला येणंच जमणार नाही, हे आधी मोजलं की निम्मं काम होतं.

पडलेली पार्टी

२८ डिसेंबर २०२३, गुरुवार. गुरुवारच का, तर भोसरी-पिंपरी पट्ट्यात एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. उत्पादन बुडत नाही, ओव्हरटाइम द्यावा लागत नाही, म्हणून मालकांना हा दिवस सोयीचा वाटला. मुळशीच्या पुढे एक रिसॉर्ट ठरलं, माणशी १,६५० रुपये. कंत्राटी कामगार नाहीत, घरचे नाहीत, फक्त कायम कामगार, ऑफिस आणि ट्रेनी. सकाळी बस, दुपारी पोहणं आणि क्रिकेट, संध्याकाळी बार्बेक्यू आणि डीजे.

रिसॉर्टला १८० जणांची गॅरंटी दिली होती. आले ११० च्या आसपास. गॅरंटी दिलेल्या ताटांचे पैसे खा किंवा न खा, द्यावेच लागतात, म्हणजे सत्तर माणसांचं बिल हवेत गेलं. यादीतल्या चौतीस बायकांपैकी पाच आल्या आणि त्यांनीही दुपारी चारलाच परत जायची गाडी मागितली. जे आले त्यांतल्या निम्म्यांनी चिकनच्या ट्रेकडे पाहिलं नाही. रात्री परतीच्या बसमध्ये दोन ट्रेनी मुलांची बाचाबाची झाली आणि एकाच्या कपाळाला टाका पडला.

मालकांनी निष्कर्ष काढला, ‘आपल्या लोकांना किंमत नाही.’ प्लांट हेडचं म्हणणं, डीजे फालतू होता. युनियनच्या सरचिटणीसांनी मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन एवढंच विचारलं, “साहेब, मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाईमाणूस घर सोडून मुळशीला येईल, हे कोणाला वाटलं?”

खरंच कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार होता. घरोघरी महालक्ष्मीचा घट मांडलेला, दिवसभर उपास, संध्याकाळी कथा आणि नैवेद्य. शिवाय गुरुवार हा दत्ताचा, साईबाबांचा, स्वामी समर्थांचा वार. एरवी आठवड्यातून चार दिवस मटण खाणारा माणूसही गुरुवारी अंडं फोडत नाही. कॅलेंडर भिंतीवरच टांगलेलं होतं. पण तारीख ठरवताना सगळ्यांनी लॅपटॉपमधलं उघडलं.

तारीख

पुढच्या खेपेला एच.आर.च्या मॅडमनी आधी जागा पाहिली नाही, अँकर पाहिला नाही. आधीच्या वर्षी न आलेल्यांची यादी घेतली आणि प्रत्येकाला कारण विचारलं. फॉर्म वाटले नाहीत. कँटीनमध्ये चहाच्या वेळी जाऊन बसल्या. फॉर्मवर माणूस ‘घरगुती अडचण’ लिहितो. चहाच्या टेबलावर सांगतो की सासू आजारी आहे आणि रात्री दहानंतर मोशीहून पुढे रिक्षा मिळत नाही.

मग वार ठरवायला बसलो. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपती नाहीतर देवीचा, गुरुवार तर झालाच, शनिवार मारुतीचा आणि शनीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. मटणाच्या दुकानासमोर रांगा याच तीन दिवशी का लागतात, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावं लागत नाही, फक्त पार्टी ठरवणाऱ्या समितीला सांगावं लागतं. या कारखान्यात रविवारी पूर्ण काम चालतं, म्हणून तो बाद. शुक्रवारी पार्टी केली तर शनिवारी सकाळी सातची पहिली पाळी. बुधवार संध्याकाळ मात्र सरळ बसत होती: रात्री पार्टी, दुसऱ्या दिवशी सुट्टी, कोणाला झोप मोडून कामावर यायचं नाही.

महिना कोणता, यावर जरा वेळ गेला. डिसेंबरात मार्गशीर्ष, आणि ग्राहक कंपन्यांची वर्षअखेरची घाई. फेब्रुवारीत लग्नं. मार्चमध्ये अकाउंट्सवाले कोणाशी धड बोलत नाहीत. जानेवारीचा पहिला पंधरवडा मोकळा दिसत होता आणि त्यातली ८ जानेवारी २०२५ ही तारीख जवळजवळ नेमून ठेवल्यासारखी निघाली. बुधवार, पौष शुद्ध नवमी. संकष्टी नाही. शुक्रवारी १० तारखेला पुत्रदा एकादशी होती, म्हणजे शुक्रवार धरला असता तर कारखान्यातले सगळे माळकरी आणि एकादशीवाले गेले असते. भोगी १३ ला, संक्रांत १४ ला, म्हणून बायकांची सणाची गडबडही अजून सुरू झालेली नव्हती. तेव्हाच्या वेतन कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेत पगार सात तारखेपर्यंत व्हावा लागे, आणि इथे तो सातलाच होतो. खिशात पगार असलेला माणूस बायकोमुलांना घेऊन बाहेर पडतो. महिनाअखेरीला तोच माणूस मुलाच्या हातात आइस्क्रीमचे वीस रुपये द्यावे लागतील म्हणून घरी बसतो. हे कोणी कबूल करत नाही, पण ते तसंच असतं.

पौष आणि लॉन

पौषात लग्नं फारशी निघत नाहीत. देहू-आळंदी-मोशी पट्ट्यात मंगल कार्यालयं आणि लॉन रांगेने उभी आहेत आणि पौषात त्यांतली बरीच ओस पडलेली असतात. लग्नसराईत एका दिवसाचे दीड लाख सांगणारा लॉनमालक या महिन्यात साठ हजारांवर तयार झाला, वर खुर्च्या, वीज आणि जनरेटर त्याचा. ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्यांनी ‘पौषात शुभ कार्य नको’ म्हणून नाक मुरडलं. प्लांट हेड म्हणाले, “काका, आपण लग्न नाही लावत, जेवण घालतोय.” विषय संपला.

जागेची खरी अडचण निराळी निघाली. आळंदीच्या बाजूच्या दोन कार्यालयांनी मटण म्हणताच हात जोडले. माऊलींच्या गावाजवळ मांसाहार नको, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. शेवटी नाशिक रस्त्यापासून थोडं आत, मोशीच्या बाजूला एक लॉन मिळालं. तिथे मांसाहार चालत होता, मागे स्वयंपाकाला वेगळी शेड होती आणि मुख्य म्हणजे बायकांची स्वच्छतागृहं खरोखर वापरण्याजोगी होती. मॅडम ती स्वतः जाऊन पाहून आल्या, आणि त्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायला त्या तयार नव्हत्या. जागा पाहायला गेलेले पुरुष स्टेज मोजतात, पार्किंग मोजतात आणि परत येतात.

कोणाला बोलवायचं

सगळ्यात ताणलेली बैठक यावर झाली. कंत्राटी कामगार बोलवायचे का? कंत्राटदार शेठ नको म्हणत होते, आणि फायनान्सचे साहेब त्यांच्या बाजूने होते. भीती ओळखीची होती: कंत्राटी माणसांना कंपनीने आपल्या समारंभात बसवलं, भेटवस्तू दिली, तर उद्या तीच माणसं ‘आम्ही कंपनीचेच’ म्हणून दावा लावतील. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या छायेत वाढलेल्या प्रत्येक एच.आर. माणसाच्या मनात ही भीती घर करून असते. कंपनीच्या वकिलांनी ती फार मनावर घेतली नाही. त्यांचं मत असं की कामावर देखरेख कोणाची, पगार कोण देतो, काढतो कोण, या गोष्टी पाहिल्या जातात, एका रात्रीच्या ताटावरून कोणी मालक ठरत नाही. तोडगा साधा निघाला. कंत्राटी कामगारांचं निमंत्रण कंत्राटदाराच्या लेटरहेडवर गेलं, त्यांच्या भेटीचा खर्चही त्यानेच उचलला. पण मंडप एक, रांग एक, ताट एक.

हे झालं नसतं तर बाकी सगळी मेहनत वाया गेली असती असं मला वाटतं. शॉप फ्लोअरवर कायम आणि कंत्राटी एकाच प्रेसवर शेजारी उभे असतात. एकाला पार्टी आणि एकाला नाही, म्हणजे पुढचे सहा महिने रोज सकाळी आठवण करून देणं.

घरच्यांना बोलवायचं यावर मात्र लगेच एकमत झालं. जोडीदार आणि मुलं. मुलांना मर्यादा नाही. कंत्राटी मुलांपैकी पुष्कळ जण ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातले, रुपीनगर-तळवड्याला खोली करून सहा-सहा जण राहणारे. त्यांचं कुटुंब इथे नाही. एका सुपरवायझरने सुचवलं, त्यांना एक खोलीमित्र आणू द्या, मग तो दुसऱ्या कंपनीचा का असेना. फायनान्स साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण ते मान्य झालं. पन्नासेक ताटं वाढली एवढंच.

दारू

दारू ठेवायची नाही हा निर्णय तत्त्वापोटी झाला असं कोणी समजू नये. मालकांना स्वतःला संध्याकाळी दोन पेग लागतात. हिशेब मांडला तेव्हा तो जमेना. खासगी कार्यक्रमात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना लागतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५ वर्षं. चाळीस ट्रेनींपैकी बहुतेक अठरा ते वीसचे. काउंटरवर आधार कार्ड बघत कोण उभं राहणार? त्यातून नाशिक रस्त्याने दुचाकीवर चाकण-राजगुरुनगरकडे परतणारी माणसं. रक्तात १०० मिलीलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड नाहीतर तुरुंग, आणि दंड ही त्यातली सगळ्यात लहान काळजी. शिवाय दारूचं काउंटर लागलं की आठ वाजता बायका आणि मुलं उठतात.

दारू नसली तरी पार्किंगमध्ये डिकी उघडून बसणारे निघतातच. त्यावर पहारे बसवले नाहीत. सरचिटणीसांनी प्रत्येक पाळीला जाऊन आपल्या भाषेत सांगितलं, “उद्या सुट्टी आहे, साडेनऊनंतर रात्र तुमची. तोवर पोरंबाळं आहेत, लाज राखा.” नोटीस बोर्डावरच्या सूचनेने झालं नसतं ते या दोन वाक्यांनी बरंचसं झालं. सगळं नाही, पण बरंचसं.

इथेच दुसरी गोष्ट सांगतो, कारण बऱ्याच कंपन्यांना ती माहीत असूनही पार्टीच्या दिवशी विसरली जाते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ म्हणजे फक्त कारखाना नव्हे. नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागा आणि त्यासाठी मालकाने दिलेली गाडीही त्यात येते. म्हणजे लॉनही आलं आणि बसही आली. याच कायद्याखाली नेमलेल्या अंतर्गत समितीच्या दोन सदस्या पूर्ण वेळ हजर राहतील असं ठरलं. समितीच्या अध्यक्षबाईंनी अँकरला एक सूचना लेखी दिली: कोणालाही हात धरून नाचायला ओढायचं नाही, स्टेजवरून नाव पुकारून आग्रह करायचा नाही. अँकर म्हणाला, मग माहोल कसा होणार? त्याला सांगितलं, ज्यांना नाचायचंय ते नाचतीलच. आणि ते नाचलेच.

ताट

केटरर बराच अनुभवी, पण लग्नाचा. त्याने लग्नाचा मेनू पुढे केला: पनीर, नान, व्हेज मन्चुरियन, गुलाबजाम. मॅडमनी तो बाजूला ठेवून कँटीनमध्ये दोनच प्रश्न विचारले: काय हवं आणि काय नको. उत्तरं इतकी स्पष्ट आली की वादाला जागा राहिली नाही. मटणाचा रस्सा हवा, पनीर नको. भाकरी हवी, आणि ती गरम. ओडिशा-बिहारच्या मुलांनी सांगितलं, भात भरपूर हवा. लग्नातल्या अंदाजाने भात केला असता तर अर्ध्या तासात तळ दिसला असता, म्हणून भात जवळजवळ दीडपट धरला.

मटण किलोला सातशेच्या वर, तेव्हा प्रत्येकाला पोटभर मटण घालणं परवडणारं नव्हतं. मटणाचा रस्सा मोजक्या फोडींचा पण तर्रीदार, आणि जोडीला सुकं चिकन, असा मध्य काढला. मुस्लिम कामगारांपैकी एकाने आडून विचारलं की मटण कुठून येणार. केटररचा मुलाणी ठरलेला होता, त्यामुळे हलालचा प्रश्न आपोआप सुटला. फक्त हे आधी सांगितलं गेलं म्हणून ती माणसं निश्चिंत मनाने जेवली. नाहीतर भातावर डाळ घेऊन कोपऱ्यात बसली असती, आणि कोणाला कळलंही नसतं.

माळकऱ्यांचा भाग नाजूक होता. भोसरी-चाकण पट्ट्यात वारकरी घरं पुष्कळ, गळ्यात तुळशीची माळ घालून वेल्डिंग करणारी माणसं या कारखान्यात वीस-बावीस तरी असतील. त्यांना ‘शाकाहारी पण आहे’ एवढं पुरत नाही. वेगळी चूल, वेगळे आचारी, वेगळ्या पळ्या आणि मटणाच्या काउंटरपासून अंतर, हे सगळं लागतं. लॉनच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सोय केली. पदार्थ कोणता, यावर राजगुरुनगरकडच्या एका मामांनी सुचवलं: मासवडी. नावाने दचकू नये, त्यात मांस औषधालाही नसतं. बेसनाच्या घट्ट पिठल्यात तीळ-खोबरं-कांदा-लसणीचं सारण भरून वड्या पाडतात आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर खातात. जुन्नर-आंबेगाव-खेड भागात पाहुण्याला मटणाच्या तोडीस तोड म्हणून हेच वाढतात. केटररला ती येत नव्हती. मामांच्या गावच्या महिला बचत गटाच्या बायका आल्या, मासवडी आणि भाकरी दोन्ही त्यांच्याकडे दिलं. शेडमागे चार चुली मांडल्या. संध्याकाळभर भाकरी थापण्याचा आवाज येत होता आणि डीजेपेक्षा जास्त गर्दी तिथेच होती.

कागद

हे थोडक्यात आटोपतो, पण सुटता कामा नये. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे मोकळ्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. पोलिसांची परवानगी घेतलीच, शिवाय साडेनऊलाच आवाज बंद करायचं ठरवलं. रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायला पीपीएल आणि आयपीआरएस या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचे परवाने काढले. लॉनमालक म्हणत होता, ‘आमच्याकडे लग्नाला कोणी मागत नाही.’ बरोबरच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्न आणि लग्नाच्या निमित्ताने होणाऱ्या समारंभांना सूट आहे, कंपनीच्या पार्टीला नाही. आणि अकाउंट्ससाठी एक गोष्ट: जेवणावर आणि केटरिंगवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे करातली वजावट, अशा कार्यक्रमाला मिळत नाही, तेव्हा बजेट करसकट धरावं. इथे पहिल्या अंदाजात तो धरला नव्हता, वेळेवर लक्षात आलं.

हळदीकुंकू नको, तिळगूळ हवा

संक्रांत आठवड्यावर होती, तेव्हा बायकांसाठी हळदीकुंकू ठेवू अशी सूचना आली. प्रेमाने आली होती, कोणाचा हेतू वाईट नव्हता. मॅडमनी शांतपणे चार जणींची आठवण करून दिली. कँटीन आणि स्टोअरमध्ये काम करणाऱ्या या चौघी नवऱ्याच्या पश्चात त्याच्या जागी लागलेल्या. त्यांतल्या दोघींचे नवरे याच कारखान्यात होते. कंपनीच्याच मंडपात कंपनीने त्यांना बाजूला बसवायचं? खेळ पैठणीचा ठेवायचाही विचार होता, तोही याच कारणाने गेला, कारण त्यातले निम्मे प्रश्न ‘अहों’बद्दल असतात. त्याऐवजी सगळ्यांना, बायका-पुरुष-मुलं, दारातच तिळगूळ. भेट म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याला झाकणाचा स्टीलचा डबा. त्यावर लोगो छापायचा नाही हे मॅडमनी भांडून मिळवलं. आधीच्या वर्षीच्या लोगोवाल्या बॅगा आजही भोसरीच्या बाजारात भाजीवाल्यांकडे दिसतात.

तो दिवस

दुपारी साडेतीनला पहिली पाळी सुटली, माणसं घरी जाऊन घरच्यांना घेऊन आली. बसचे पाच मार्ग होते, प्रत्येक बसला एक पुरुष आणि एक बाई जबाबदार. येताना चाकणच्या चौकात एक बस चाळीस मिनिटं अडकली. चाकणच्या कोंडीवर कोणाचाच इलाज नाही, पण त्या बसमधली मुलं भुकेली उतरली तेव्हा कांदाभजी आणि चहा तयार होता. संध्याकाळी साडेपाचपासून भजी चालू ठेवायची सूचना एका आईचीच होती: मुलांना सातला भूक लागते, भाषणाला नाही.

भाषणं ठरवून तीन, मिळून वीस मिनिटं. मालकांनी पंचवीस घेतली, एकट्यांनीच. ते होणारच होतं. पंधरा वर्षं पूर्ण केलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि नवीन एवढंच की त्यांच्या जोडीदाराचंही नाव पुकारून दोघांना बरोबर वर बोलावलं. सत्काराच्या फोटोंपैकी घरोघरी फ्रेम होऊन गेलेले फोटो हेच.

मॅनेजर मंडळींनी वाढायला उभं राहायचं अशी टूम निघाली होती. राहिले. फोटो काढून झाले तशा पळ्या एकेक करून खाली गेल्या. शेवटपर्यंत उभे राहिले ते क्वालिटीचे एक साहेब आणि डिस्पॅचचे एक, ज्यांचे फोटो कोणी काढले नाहीत.

चार काउंटर, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी रांग, त्यामुळे गर्दी फारशी तुंबली नाही. साहेबांसाठी वेगळं टेबल नव्हतं. जमलेल्या पाचशेवर माणसांत गोंधळ झाला तो मासवडीचा. शाकाहारी माणसं मोजून केलेली मासवडी मटणवाल्यांनीही हौसेने उचलली, एकेकाने दोनदा. साडेआठला पातेलं संपलं, आणि बस अडकल्याने उशिरा आलेल्या सहा-सात माळकऱ्यांच्या वाट्याला मटकीची उसळ आणि भाकरी आली. त्यांनी कुरकुर केली नाही. बचत गटाच्या बाईंनी उरलेल्या पिठाचं पिठलं टाकलं, पण जे व्हायचं ते झालंच. शाकाहारी पदार्थ चांगला असला की तो सगळ्यांसाठी धरूनच मोजायला हवा.

साडेनऊला आवाज बंद, पावणेदहाला बसेस सुटल्या. प्रत्येक बसच्या बाईने शेवटची सहकारी घरात शिरल्याचा फोन घेऊनच मॅडमना मेसेज टाकला. शेवटचा मेसेज अकराच्या आत आला.

दुसऱ्या पाळीचे पस्तीस

आता न सुटलेली बाजू. बुधवारी दुपारी साडेतीन ते बारा ही दुसरी पाळी पूर्ण बंद ठेवायची असं ठरलं होतं. सोमवारी एका ग्राहकाकडून तातडीचं शेड्यूल आलं आणि एक लाइन चालू ठेवावी लागली. पस्तीस माणसं अडकली, बहुतेक कंत्राटी. चिठ्ठ्या टाकून नावं काढली, म्हणजे निवड तरी कोणाच्या मर्जीने झाली नाही. रात्री आठला त्यांच्या कँटीनमध्ये तेच जेवण, तसंच गरम, पहिल्या पातेल्यातलं पोचवलं. उरलंसुरलं बांधून न्यायचं नाही हे आधीच बजावलं होतं. डबा आणि तिळगूळही दिला. तरीही त्यांची पार्टी झाली नाही, झालं ते जेवण. त्यांच्या घरच्यांनी लॉन पाहिलं नाही. शुक्रवारी त्यांच्यातल्या एकाने सुपरवायझरला सुनावलं, “मटण पोचलं साहेब, बायको नाही पोचली.” त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

हिशेब

लॉन साठ हजार. जेवण सव्वादोन लाखांच्या आसपास, त्यात बचत गटाचे वेगळे. बसेस पंचवीस हजार, आवाज-दिवे-अँकर मिळून पन्नास, भेटवस्तू कंपनीच्या वाट्याच्या पन्नास हजारांच्या आत, परवाने, कर आणि किरकोळ धरून एकूण साडेचार लाखांना थोडं कमी. आधीच्या वर्षी पावणेपाच लाखांत ११० माणसं आली होती. या वेळी लॉनवर पाचशेवर जेवली. पण मॅडम मालकांना अहवाल देताना हा आकडा पहिल्या ओळीत ठेवायला तयार नव्हत्या. त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं: रात्री नऊ वाजता मंडपात हजर असलेल्या महिला कर्मचारी, चौतीसपैकी एकोणतीस.

युनियनने एक मागणी लगेच ठेवली, दर वर्षी असंच व्हावं. फायनान्स साहेबांनी एक सुचवलं, पुढच्या वर्षी मटण कमी करून मासवडी वाढवावी, स्वस्त पडते आणि लोक खातात. मालकांना सगळ्या सूचनांतली हीच पटकन पटली.

हे लिहिताना २०२६ साठी ७ जानेवारी धरली आहे. बुधवार, पौष, पगाराचा दिवस, आणि अंगारकी आदल्या दिवशी मंगळवारी होऊन गेलेली. लॉनला आगाऊ रक्कम दिली आहे. दुसऱ्या पाळीसाठी दोन प्रस्ताव समोर आहेत: ग्राहकाला महिनाभर आधी पत्र देऊन त्या दिवसाचा माल आगाऊ काढून ठेवायचा, किंवा अडकलेल्यांना घरच्यांसकट वेगळ्या दिवशी हॉटेलात जेवण द्यायचं. प्लांट हेडना दुसरा सोपा वाटतो. सरचिटणीस पहिल्यावर अडून बसले आहेत, आणि माझंही मत त्यांच्या बाजूने आहे.